आधी वही, मग स्कॅनर: विमानमालकांच्या वार्तापत्रांची एक ट्रंक

निपाणीच्या एका ताईंनी विचारलं आहे. त्यांचे वडील, अण्णा, विमान-दुरुस्तीचे लायसन्सवाले इंजिनिअर. सगळी नोकरी निरनिराळ्या फ्लाइंग क्लबांच्या हँगरमध्ये झाली. ते गेल्यावर माडीवरच्या पत्र्याच्या ट्रंकेत अमेरिकेतल्या एरोंका विमानांच्या मालकांची वार्तापत्रं निघाली. दोन महिन्यांनी निघणारं पत्र, १९७४ ते १९९३, मोजून ११३ अंक. काही सायक्लोस्टाइल, काही छापील. हे जपायचं कसं, इतरांना द्यायचं कसं, स्कॅन झाल्यावर मूळ अंक रद्दीत घातले तर चालेल का, आणि आपल्याकडे याचा कुणाला उपयोग तरी आहे का, असे त्यांचे प्रश्न. सोबत फोनवर काढलेले नऊ फोटो आहेत.

मी विमानातला माणूस नाही. बेळगावात कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेलं, आणि निवृत्तीच्या आधीपासून बेळगाव, खानापूर, चिकोडी भागातल्या वाचनालयांचे जुने अंक, नाटक मंडळींच्या जाहिराती, शाळांच्या स्मरणिका स्कॅन करत आलो. कागद कुठल्याही विषयाचा असला तरी त्याची दुखणी तीच असतात. विमानाचं काही अडलं तर शेजारी सांबऱ्याच्या हवाई दलाच्या ट्रेनिंग स्कूलमधून निवृत्त झालेले गृहस्थ राहतात. त्यांना फोटो दाखवूनच हे लिहितो आहे.

ताई, शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण त्याचं उत्तर नाही मिळालं तर बाकीचं करायला हात उचलणार नाही.

पुष्पक नावाचं विमान तुम्ही अण्णांच्या तोंडून ऐकलं असेलच. बेंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात ते तयार झालं, पहिलं उड्डाण सप्टेंबर १९५८. दीडशेच्या वर विमानं बनली आणि देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली. कितीतरी वैमानिकांचा हात त्याच्यावरच बसला. पण त्याचं घराणं एरोंका चीफचं, म्हणजे या वार्तापत्रांतल्याच विमानांचं. शेजारीशेजारी दोन आसनं, पोलादी नळ्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं कापड, पंख डोक्यावर आणि पुढे कॉन्टिनेंटलचं सी-९० इंजिन. एरोंकाने तर १९५१ सालीच हलकी विमानं बनवणं थांबवलं. अण्णांनी वर्गणी भरली तेव्हा त्याला २३ वर्षं होऊन गेली होती.

बनवणाऱ्यानेच हात काढून घेतला की विमान मालकाच्या गळ्यात पडतं. मग मालक एकमेकांना पत्रं लिहू लागतात. कापडाचा थर कसा चढवावा, लाकडी स्पारला, म्हणजे पंखाच्या आतल्या कण्याला, चीर गेली आहे हे पंख न उघडता कसं ओळखावं, अमुक भाग आता कोण बनवून देतं, कुणाचं विमान कुठल्या चुकीने शेतात उतरलं. ही पत्रं कुणीतरी हौशी माणूस स्वयंपाकघरातल्या टेबलावर टाइप करून, स्टेन्सिल कापून, शेदोनशे प्रती काढून पोस्टात टाकतो. कारखान्याच्या मॅन्युअलमध्ये विमान कसं असावं ते असतं. तीस वर्षं वापरल्यावर ते कसं होतं ते या पत्रांत असतं. अण्णांना निपाणीत बसून डॉलरची वर्गणी भरावीशी वाटली ती यासाठीच असणार.

घरच्या पत्राला कमी लेखू नये, हे आपल्या भागाला तरी सांगायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी सायकलींचं दुकान बेळगावात काढलं. पुढे किर्लोस्करवाडीहून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघालं ते कारखान्याचं वार्तापत्र म्हणूनच, आणि त्याचंच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झालं. ते पहिले अंक ज्यांनी ‘कारखान्याची जाहिरात’ म्हणून रद्दीत घातले, त्यांच्या नातवंडांचे मला फोन येतात.

आता काम. ट्रंक उघडलीत, पण अजून काही हलवलं नसेल तर हलवू नका. वरून खाली, थराथराने फोनवर फोटो काढा. तुमच्या तिसऱ्या फोटोत १९८१ च्या अंकाखाली १९७६ चा दिसतो आणि दोन्हींवर तेच इंजिन आहे. अण्णांनी अंक तारखेने लावलेले नाहीत, विषयाने लावलेले आहेत. तारखेने लावायला कुणालाही येतं, पण हा क्रम एकदा मोडला की तो परत कुणालाच लावता येणार नाही. फोटो काढून झाले की मग खुशाल तारखेने लावा.

त्यानंतर दोनशे पानी वही घ्या. सगळे आधी स्कॅनर विचारतात, मी वही सांगतो. एका अंकाला एक ओळ: वर्ष-महिना, अंकावर छापलेला क्रमांक, पानं किती असायला हवीत आणि किती आहेत, सायक्लोस्टाइल की छापील की झेरॉक्स, आत काय खोचलेलं आहे, समासात काही लिहिलेलं आहे का. छापलेला क्रमांक आणि महिना दोन्ही लिहायचे, कारण हौशी संपादकांचे क्रमांक चुकतात. वर्षाला सहा याप्रमाणे २० वर्षांचे १२० व्हायला हवेत, तुमच्याकडे ११३. सात गहाळ असतील किंवा त्यातले काही जोडअंक असतील. आपल्या दिवाळी अंकांत हा घोळ मी इतका पाहिला आहे की ‘गहाळ’ हा शब्द पेन्सिलनेच लिहितो. ही वही पुरी होईल तेव्हा तुमच्या हातात अशी वस्तू असेल जी कदाचित पत्र काढणाऱ्या मालकांच्या क्लबकडेही नसेल.

ट्रंकेबद्दल. फोटोत अंकांमध्ये तंबाखूची पानं दिसतात. निपाणीचं घर, मागे वखार, अण्णांनी कसर लागू नये म्हणून ठेवली असणार. आपल्याकडे जुनी माणसं ठेवतातच. ती आजच काढा. तंबाखूत जो बारीक तांबूस किडा होतो, ज्याला सिगारेट बीटल म्हणतात, तोच पुस्तकाच्या बांधणीतली खळ आणि पुठ्ठाही पोखरतो. म्हणजे राखणीला बसवलेलं पान चोरालाच आवतण देतं. शिवाय पानांचा तेलकट तपकिरी डाग कागदात उतरतो, तो निघत नाही. सुईच्या टोकाएवढी गोल छिद्रं आणि पिठासारखा भुगा दिसला तर ते अंक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करून घरच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पूर्ण दिवसभर पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाहेरचं बाष्प थंड कागदावर बसतं. डांबरगोळ्या नकोत, कागदाला नाही तरी तुमच्या फुप्फुसांना त्रास देतात.

पत्र्याची ट्रंक पावसाळ्यात आतून घामेजते. मिरगापासून गणपतीपर्यंत आपल्याकडची हवा कागदाची वैरीण. हे काम दिवाळीनंतर काढा आणि शिमग्याच्या आत संपवा. तोवर अंक मांजरपाटाच्या, दोनदा धुतलेल्या फडक्यात बांधून लाकडी कपाटात, भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. पेशवे दफ्तरातले मोडी कागद रुमालात बांधून टिकले ते उगीच नाही. कापड हवा खेळू देतं, प्लास्टिक देत नाही. झेरॉक्सची पानं तर पीव्हीसीच्या पारदर्शक पिशव्यांत अजिबात घालू नका, काळी शाई पानावरून सुटून प्लास्टिकला चिकटते. आणि हे अंक आपल्या ए-फोर फायलीत बसणारही नाहीत. अमेरिकन कागद २१६ मिलिमीटर रुंद, आपला २१०. ते सहा मिलिमीटर फायलीबाहेर राहतात आणि वर्षभरात त्यांची झालर होते. तुमच्या पाचव्या फोटोत उजवी कड अशीच कुरतडल्यासारखी दिसते. ते उंदीर नाहीत, फाईल आहे.

पिना. १९७० च्या दशकातल्या अंकांच्या पिना गंजून कागदात रुतल्या असतील. चिमट्याने ओढल्या की पिनेबरोबर कागदाचा घास येतो. शहापूरच्या एका म्हाताऱ्या बायंडरने मला शिकवलं ते असं: अंक पालथा घालायचा, पिनेच्या दुमडलेल्या दोन पायांखाली जाड प्लास्टिकची चिंचोळी पट्टी सरकवायची, म्हणजे खालचा कागद सुरक्षित. मग लोणी लावायच्या बोथट सुरीने एकेक पाय उभा करायचा. दोन्ही उभे झाले की अंक सुलटा करून पिनेची पाठ वर उचलायची. एका अंकाला चारपाच मिनिटं लागतात. “घाई असेल तर उद्या या,” तो म्हणायचा, आणि खरंच परत पाठवायचा. स्कॅन झाल्यावर नवी पिन मारायची नाही. त्याच भोकांतून सुती दोऱ्याचा सैल टाका घालायचा. फाटलेल्या पानाला सेलोटेप नको, लॅमिनेशन तर त्याहून नको. लॅमिनेशनच्या दुकानातला पोरगा म्हणेल, “मावशी, जन्मभर टिकेल.” प्लास्टिक टिकेल, आतला कागद शिजेल.

स्कॅनिंगला साधा सपाट काचेचा स्कॅनर पुरतो. वरून गठ्ठा ठेवला की आपोआप कागद ओढणारं यंत्र झेरॉक्सवाल्याकडे असतं, पण या कागदासाठी त्याच्याकडे जाऊ नका. रंगीत स्कॅन करा, पान काळंपांढरं असलं तरी. कारण समासात अण्णांची पेन्सिल आहे. सातव्या फोटोत कार्ब्युरेटरच्या सुईवरच्या लेखाशेजारी त्यांनी लिहिलंय, “आपल्याकडे मे महिन्यात गळती जास्त. बघणे.” काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये ही ओळ धूळ समजून पुसली जाते. अमेरिकन मालकाच्या अनुभवाला निपाणीच्या माणसाने दिलेलं उत्तर आहे ते, आणि क्लबच्या स्वतःच्या प्रतींवर ते नाही.

मजकुराला ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला तीनशे ठिपके, बास, जिथे विमानाच्या भागांची रेखाचित्रं आहेत तिथे ६००. मूळ प्रत टिफ स्वरूपात, म्हणजे चित्राचा तपशील न गमावता, ठेवा, वाचण्यासाठी पीडीएफ वेगळी करा, आणि त्यातही जमल्यास पीडीएफ-ए, जी दीर्घकाळ जतनासाठीच ठरवलेली आहे. अंकाला सरासरी १२ पानं धरली तर साडेतेराशे पानं होतात. ३०० वर एक रंगीत पान २५ एमबीचं, म्हणजे सगळं मिळून ३४ जीबीच्या आसपास, रेखाचित्रांचं थोडं वर. मोबाइलवरच्या लग्नाच्या व्हिडिओंपेक्षा कमीच. वेळ पानाला दीड मिनिट. रोज दीड तास बसलात तर २३ दिवस. फायलींची नावं ‘स्कॅन००४५’ अशी राहू देऊ नका, वर्ष आधी, मग महिना, मग पान, सगळं आकड्यांत, म्हणजे संगणक आपोआप क्रमाने लावतो.

यानंतर ओसीआर, म्हणजे चित्रातला मजकूर शोधता येण्याजोगा करणं. टेसरॅक्ट नावाची फुकट प्रणाली आहे, इंग्रजीला चांगली चालते, मराठीलाही चालते. पण इथे एक गंमत आहे, ती शेजाऱ्यांनी दाखवली. मी फोटोतल्या एका पानाचं ओसीआर करून त्यात एरोंका चीफचं मॉडेल, ११ एसी, शोधलं. एकदाही सापडलं नाही. पान तर त्या मॉडेलनेच भरलेलं. शेजारी चष्मा वर करून म्हणाले, “सर, हा एक आकडा नाहीच. हा एल आहे.” जुन्या टाइपरायटरांपैकी बऱ्याचशांवर एक आकड्याची कळच नसे, टायपिस्ट लहान एल मारायचे. डोळ्याला एक दिसतो, यंत्राला एल. शून्य आणि ओ यांचंही तेच. म्हणजे ओसीआर केलं, नेटवर टाकलं, आणि ज्याला ११ एसीचं काही हवं आहे त्याला टाइप केलेल्या अंकांत जवळजवळ काहीच मिळणार नाही. मॉडेल, इंजिन, भागांचे क्रमांक आणि विमानांचे नोंदणी क्रमांक हे हाताने तपासायचे, दुसरा उपाय नाही. सगळा मजकूर तपासायचा मोह मात्र टाळा, त्यात वर्ष जाईल आणि तुम्ही कंटाळून सोडून द्याल.

म्हणूनच सूची. वहीतल्या ओळी संगणकावर चढवताना प्रत्येक लेखाला दोनतीन विषय द्या: कापड, स्पार, मॅग्नेटो म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणारं यंत्र, कार्ब्युरेटर, ब्रेक. विषय इंग्रजीत ठेवा, कारण शोधणारा बहुधा परदेशी असेल. त्याशेजारी मराठीत एक ओळ. आणि तुमच्या घरात कुणी कन्नड माध्यमात शिकलेलं असेल तर त्याच्याकडून कन्नडमध्येही करून घ्या. हत्तरगीच्या कारखान्यांत विमानांचे सुटे भाग बनवणारी आपल्याच भागातली मुलं आहेत. त्यातली कुणी नेटवर शोधताना कन्नड टंकत असतील. आपल्या जिल्ह्यातले कागद नेहमी दोन खुर्च्यांच्या मध्ये पडत आले. मुंबईला ते कर्नाटकातले वाटतात, बेंगळूरला ते मराठीतले वाटतात. सूची तरी दोन्हीकडून सापडेल अशी करू या.

आता रद्दीचा प्रश्न, आणि इथे माझं जरा दुखतं. २००६ मध्ये इथल्या एका संस्थेसाठी मी जुन्या साप्ताहिकाची ४० वर्षं स्कॅन केली, सीडींवर घालून दिली. दोन संच, एकाच कपाटात. जागा हवी म्हणून संस्थेने मूळ खंड रद्दीत घातले, मला विचारलंही नाही. आठ वर्षांनी सीडी उघडायला घेतल्या तर निम्म्याहून जास्त वाचता येईनात. चूक माझीही होती, एकाच जागी दोन प्रती म्हणजे एकच प्रत, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तेव्हापासून मी कुणालाही मूळ कागद टाकू देत नाही.

तीन प्रती ठेवा, दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर, तिसरी क्लाउडवर. पेनड्राइव्ह धरू नका, तो नेण्याआणण्यासाठी. एक डिस्क निपाणीबाहेर, पुण्याच्या बहिणीकडे किंवा कोल्हापूरच्या मामांकडे. २०१९ च्या ऑगस्टात चिकोडी तालुक्यातल्या एका वाचनालयात पाणी शिरलं तेव्हा कागद आणि त्याच खोलीतला संगणक दोन्ही गेले. वर्षातून एकदा, दसऱ्याला शस्त्रं पुजता तेव्हा, डिस्क जोडून फायली उघडतात का ते बघा.

इतरांना देण्याबद्दल कायद्याचं थोडं. वर्गणी भरली म्हणून मजकुराचा हक्क आपल्याकडे येत नाही. कागद आपला, लेख लिहिणाऱ्याचा. अमेरिकेत १ मार्च १९८९ पूर्वी प्रकाशित अंकावर हक्काची सूचना छापावी लागे. ती नसलेले १९७८ च्या आधीचे अंक तिकडे बहुतेक मुक्त आहेत, नंतरच्यांचं गुंतागुंतीचं आहे. आपल्या कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने बिगर-व्यापारी सार्वजनिक वाचनालयाला स्वतःकडे असलेल्या छापील ग्रंथाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवता येते. पण या सगळ्यापेक्षा सोपा मार्ग एक आहे: मालकांच्या त्या क्लबला किंवा त्याच्या जागी आज जो असेल त्याला पत्र लिहा, सोबत तुमच्या वहीची यादी जोडा. “आमच्याकडे हे ११३ आहेत, हे सात नाहीत, स्कॅन करून तुम्हाला देतो, सर्वांसाठी खुले ठेवायला हरकत आहे का?” माझ्या अनुभवात याला नकार क्वचित येतो, आणि गहाळ अंक बऱ्याचदा परतीच्या टपालाने येतात. होकार आला की इंटरनेट आर्काइव्हवर चढवा. तिथे जागा फुकट आहे.

चढवण्याआधी दोन गोष्टी. या अंकांत सभासदांच्या याद्या असतात, घरचे पत्ते, फोन नंबर. ती पानं मूळ संचात ठेवा, खुल्या प्रतीतून वगळा आणि वगळली असं लिहा. दुसरं, शेजाऱ्यांनी बजावून सांगितलेलं: पहिल्या पानावर ठळक लिहा की ही जुनी पत्रं इतिहास आणि अनुभव म्हणून आहेत, विमानावर काम करायचं ते मान्यताप्राप्त मॅन्युअल आणि चालू सुरक्षा-आदेश बघूनच. १९७८ साली कुणीतरी सुचवलेली जुगाड १९८५ च्या अंकात अपघाताचं कारण म्हणून आलेली असू शकते, आणि शोधणाऱ्याला फक्त पहिला अंक सापडलेला असतो. अशी जोडी तुम्हाला सूची करताना दिसली तर दोन्ही ओळींत एकमेकींचा उल्लेख करा. हे काम कुठलंही यंत्र करत नाही.

विकण्याबद्दल: सुटे अंक घेणारे हौशी मिळतील, पण संच फुटेल. त्यापेक्षा चार वर्षांनी तुमच्या घरात जागा उरली नाही तर एखाद्या चालत्या वाचनालयाला द्या, लेखी पावती घेऊन, आणि त्यात ‘विकता येणार नाही, टाकायचं झाल्यास देणाऱ्याला कळवावं’ ही ओळ घालून. अण्णांनी लिहिलेल्या पत्रांच्या कार्बन प्रती मात्र कुणालाही देऊ नका. त्यांचे हक्क तुमचे आहेत, आणि क्लबच्या अंकांत ‘भारतातून एक सभासद लिहितो’ असं कुठे आलं असेल तर त्याचा मूळ मसुदा त्यातच सापडेल. आठव्या फोटोत तपकिरी पाकिटातून डोकावतात त्या त्याच असाव्यात. कार्बनची शाई बोटाला लागते, उलटताना धरायचं ते कडेनेच.

स्कॅनर नसेल तर माझा आहे, दिवाळीनंतर मोकळा असतो. एकावेळी वीसच अंक आणा, बसमध्ये मांडीवर धरून.